जरा सरकून घ्या: प्रत्येक स्क्रीनवर मावणारी वेबसाइट

माझी आत्या नवी मुंबईत सीवूड्सला राहते. तिने अनेक वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचा तिला ध्यास लागला. हिवाळ्यात हे पक्षी आले की ती भरतीचं वेळापत्रक बघून घराबाहेर पडते. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरत असतात. भरतीचं पाणी चढलं की सीवूड्स-नेरूळच्या पाणथळ जागांवर येऊन उभे राहतात. कॅमेरा, वही आणि टोपी एवढंच तिचं सामान. इतक्या वर्षांची टिपणं आणि फोटो लोकांना बघता यावेत म्हणून तिने स्वतःची वेबसाइट करून घेतली होती.

लॅपटॉपवर ती छान दिसायची. एकदा ठाण्याहून परतताना पनवेल लोकलमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं म्हणून आत्याने ती फोनवर उघडली. अक्षरं मुंगीएवढी. दोन बोटांनी मोठी करावीत तर ओळीचं टोक स्क्रीनबाहेर. "अरे, वेबसाइट माझी आणि मलाच ती वाचता येत नाही," रात्री फोनवर ती म्हणाली. आवाजात दुखावलेपण होतं.

मी ठाण्यात चरईला राहतो आणि वेबसाइट बनवणं हेच माझं काम आहे. पुढचे तीन रविवार आम्ही तिच्या जेवणाच्या टेबलावर बसून ती वेबसाइट नव्याने उभी केली. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असायचं. तिला जे समजावलं, तेच इथे लिहितो आहे. कोड येत नसला तरी चालेल. काय मागायचं आणि का मागायचं हे कळलं, तर दुसऱ्याकडून करून घेतानाही फसगत होत नाही.

ब्लाउज आणि साडी

शिंप्याकडे ब्लाउज टाकताना माप द्यावं लागतं. एकीच्या मापाचा दुसरीला बसत नाही. साडीचं तसं नसतं. तीच साडी आई नेसते आणि लेकही नेसते. निऱ्या कमीजास्त होतात, पदर लांब-आखूड होतो, पण कात्री लावावी लागत नाही.

वेब जन्मतः साडीसारखं आहे. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत पहिली वेबसाइट केली, ती १९९१ साली लोकांसमोर आली. त्या पानाला रुंदीच दिलेली नव्हती. खिडकी अरुंद केली की शब्द आपसूक खालच्या ओळीत जायचे आणि रुंद केली की परत वर यायचे. आजही साधा मजकूर, चार मथळे आणि दोन दुवे असं पान लिहिलंत, तर ते तसंच वागतं. म्हणजे लवचिकपणा आपल्याला विकत आणायचा नसतो. तो आधीपासून असतो, आपणच तो घालवतो.

घालवला कसा, तर छापील पानाच्या सवयीने. कागदाची रुंदी ठरलेली असते, म्हणून वेबपानालाही रुंदी ठरवून दिली गेली. संगणकांच्या स्क्रीन आधी ८०० बाय ६०० पिक्सेलच्या, म्हणजे ठिपक्यांच्या, होत्या, मग १०२४ बाय ७६८च्या झाल्या, आणि त्यात बसेल असं ९६० पिक्सेलचं पान करण्याची पद्धत पडली. सगळ्यांकडे साधारण एकसारखे संगणक होते तोवर ते खपलंही.

मग २००७ साली आयफोन आला. त्याची स्क्रीन जेमतेम ३२० पिक्सेल रुंद, आणि जगातल्या वेबसाइट तिप्पट रुंदीच्या. त्यावर ॲपलने तोडगा काढला. फोनचा ब्राउझर आपली स्क्रीन ९८० पिक्सेलची आहे असं धरून चालायचा, पान त्या मापाने मांडायचा आणि मग सगळं चित्र आकसून छोट्या स्क्रीनवर दाखवायचा. जुनी पानं मोडली नाहीत, पण अक्षरं मुंगीएवढी झाली. आत्याच्या फोनवर दिसत होतं ते हेच.

याला उपाय एका ओळीचा आहे. पानाच्या सुरुवातीच्या भागात, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, 'व्ह्यूपोर्ट' नावाची एक सूचना लिहायची: रुंदी म्हणजे या उपकरणाची खरी रुंदी, आणि सुरुवातीचा झूम एक. ही ओळ नसेल तर पुढे लिहिलेलं फारसं काही कामाला येणार नाही. आत्याच्या जुन्या वेबसाइटमध्ये ती नव्हती. काही जण याच ओळीत वाचकाला झूम करायला बंदी घालतात. ते करू नका. ज्याला कमी दिसतं, त्याच्या हातातली काठी काढून घेतल्यासारखं आहे ते.

इथे आत्याने मला थांबवलं. "माझ्या फोनच्या खोक्यावर १०८० पिक्सेल लिहिलंय. मग तो अरुंद कसा?" शंका रास्त आहे. खोक्यावरचे पिक्सेल म्हणजे काचेवरचे प्रत्यक्ष ठिपके. वेबपान मोजतं ते वेगळे, मापाचे पिक्सेल. तिच्या फोनवर मापाच्या एका पिक्सेलच्या रुंदीत तीन ठिपके बसतात, म्हणून १०८० ठिपक्यांचा फोन वेबपानाच्या लेखी ३६० पिक्सेल रुंद ठरतो. असं नसतं, तर ठिपके जितके बारीक, तितकी अक्षरंही बारीक होत गेली असती.

फोर्थ सीट

२०१० सालच्या मे महिन्यात ईथन मार्कॉट या अमेरिकी डिझायनरने 'ए लिस्ट अपार्ट' या ऑनलाइन मासिकात एक लेख लिहिला आणि या सगळ्या कामाला नाव दिलं: रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन. आतल्या माणसांनुसार आपली रचना बदलणाऱ्या वास्तूंची कल्पना त्याने स्थापत्यशास्त्रातून उचलली होती. त्याने तीन गोष्टी एकत्र बांधल्या: टक्क्यांत मोजलेली मांडणी, जागेप्रमाणे आकसणारी चित्रं, आणि रुंदीनुसार लागू होणारे नियम. फोनसाठी वेगळी वेबसाइट आणि संगणकासाठी वेगळी, हा तेव्हाचा रिवाज त्यामुळे हळूहळू मागे पडला.

टक्क्यांचं गणित सोपं आहे. ९६० पिक्सेलच्या पानात ३०० पिक्सेलचा रकाना असेल तर ३०० भागिले ९६०, म्हणजे ३१.२५ टक्के. पान कितीही रुंद असो, रकाना आपला वाटा घेतो. आज हा भागाकार सहसा हाताने करावा लागत नाही. सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणारी भाषा, तिच्यात 'ग्रिड' नावाची सोय २०१७च्या मार्चपासून प्रमुख ब्राउझरमध्ये येऊ लागली, आणि माझ्या मते इतकं मोठं वरदान या कामाला दुसरं मिळालेलं नाही.

आत्याच्या पहिल्या पानावर फोटोंच्या चौकटी आहेत. आम्ही ग्रिडला एवढंच सांगितलं: एक चौकट कमीत कमी २५६ पिक्सेल रुंद हवी, दोन चौकटींत १६ पिक्सेलचं अंतर ठेव, मावतील तितक्या एका ओळीत लाव आणि उरलेली जागा सगळ्यांत सारखी वाटून टाक. दोन्ही कडांना १६-१६ पिक्सेल सोडले की तिच्या फोनवर ३२८ पिक्सेल उरतात, म्हणून एका ओळीत एक चौकट येते. ७६८ पिक्सेलच्या टॅबलेटवर दोन बसतात, १२८० पिक्सेलच्या लॅपटॉपवर चार. सांगितलं एकच वाक्य. फोन कुठला, टॅबलेट कुठला, हे त्यात कुठेच नाही.

पण सरकून घेण्यालाही मर्यादा असते. लोकलच्या बाकावर जागा तिघांची. चौथा आला की 'जरा सरका' म्हणतो, तिघे सरकतात आणि त्याला फोर्थ सीट मिळते. पाचव्याला मात्र कितीही सरकलं तरी बसता येत नाही, त्याने उभंच राहायचं. सरकून भागत नाही आणि व्यवस्थाच बदलावी लागते, त्या जागेला वेबच्या भाषेत 'ब्रेकपॉइंट' म्हणतात. तिथे सीएसएसला अट घालायची: रुंदी अमुकपेक्षा जास्त असेल तर मजकूर आणि टिपा शेजारी शेजारी, नसेल तर टिपा मजकुराखाली. या अटींना 'मीडिया क्वेरी' म्हणतात.

हा ब्रेकपॉइंट ठरवायचा कुठे? अमक्या कंपनीचा फोन इतका रुंद, तमक्याचा तितका, अशा याद्या पाठ करणारे मी पाहिले आहेत. त्या याद्या दरवर्षी शिळ्या होतात. खिडकी हळूहळू अरुंद करत न्या आणि बघत राहा. ओळ जिथे गुदमरते, दोन बटणं जिथे एकमेकांवर चढतात, तोच तुमचा ब्रेकपॉइंट. तो मजकूर ठरवतो. आत्याच्या वेबसाइटला असे दोनच लागले. लिहिण्याचा क्रमही अरुंदाकडून रुंदाकडे ठेवायचा. आधी सगळं एकाखाली एक लिहून घ्यायचं आणि जागा मिळेल तसं शेजारी न्यायचं. लहान घरातला संसार मोठ्या घरात नेणं सोपं असतं, उलटं करताना काय टाकायचं यावरून जीव जातो.

अलीकडे याच्याही पुढची सोय आली आहे. मीडिया क्वेरी अख्ख्या खिडकीची रुंदी विचारते. पण डब्यात चढलेला माणूस गाडी बारा डब्यांची की पंधरा हे बघत नाही, समोरच्या बाकावर किती जागा उरली ते बघतो. 'कंटेनर क्वेरी' तेच करते. एखादी चौकट आपल्याला मिळालेल्या जागेपुरतं बघून स्वतःची मांडणी ठरवते. २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत ही सोय सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये आली. छोट्या वैयक्तिक वेबसाइटला तिची गरज क्वचित पडेल.

फोटो जड असतात

चित्राला कमाल रुंदी शंभर टक्के आणि उंची 'ऑटो' असं सांगितलं की ते आपल्या रकान्याबाहेर जात नाही. एवढ्याने दिसण्याचा प्रश्न सुटतो, वजनाचा सुटत नाही. आत्याच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. तो ३६० पिक्सेलमध्ये आकसून दाखवला तरी फोनवर अख्खी फाइल उतरतेच. वाचकाचा डेटा जातो आणि पान उघडायला वेळ लागतो.

म्हणून एकाच फोटोच्या चार आवृत्त्या करायच्या: ४००, ८००, १२०० आणि २००० पिक्सेल रुंदीच्या. 'सोर्ससेट' या गुणधर्मात चौघींची यादी द्यायची, फोटो पानावर किती रुंद दिसणार आहे तेही सांगायचं, आणि निवड ब्राउझरवर सोपवायची. आत्याच्या फोनला पूर्ण रुंदीच्या फोटोसाठी १०८० ठिपके लागतात, तर तो बाराशेची उचलतो. फोटोची मूळ रुंदी आणि उंचीही लिहून ठेवायची, म्हणजे फोटो येण्याआधीच ब्राउझर जागा राखून ठेवतो आणि वाचत असलेला मजकूर अचानक खाली उडी मारत नाही.

एका फोटोवर मात्र आमचा अर्धा रविवार गेला. ऐरोलीहून बोटीतून काढलेलं, थव्याचं लांबलचक दृश्य. लॅपटॉपवर ते बघताना अंगावर शहारा येतो. फोनवर त्याची दोन बोटं उंचीची पट्टी झाली आणि फ्लेमिंगो म्हणजे गुलाबी ठिपके. अशा वेळी नुसतं आकसून उपयोग नसतो, चित्रच वेगळं द्यावं लागतं. 'पिक्चर' नावाच्या खुणेत, म्हणजे पानाच्या कोडमधल्या टॅगमध्ये, तशी सोय आहे: अरुंद स्क्रीनसाठी एक कात्रण, रुंद स्क्रीनसाठी पूर्ण दृश्य. कात्रण कुठलं घ्यायचं हे आत्याने ठरवलं. उडायच्या तयारीतले पाच पक्षी, पंखाखालचा लाल रंग दिसेल असे. हे यंत्राला ठरवता आलं नसतं.

मराठी अक्षरांचं वेगळं मागणं

आतापर्यंतचं सगळं कुठल्याही भाषेतल्या वेबसाइटला लागू आहे. मराठी वेबसाइट मात्र वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या इंग्रजी धड्यांतली मापं जशीच्या तशी उचलतात आणि तिथेच वाचणाऱ्याचे डोळे दुखायला लागतात.

'मूर्तींना' हा शब्द बघा. म खाली ऊकार, त वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार. मराठी ओळीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. अक्षराच्या दीडपट ओळीची उंची इंग्रजीला पुरते, मराठीत मात्र वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वाराला टेकायला लागतो. मी १.७ ते १.८ पट ठेवतो. त्याच मापात देवनागरी अक्षर रोमनपेक्षा लहानही वाटतं, कारण मात्रांसाठी जागा सोडल्यावर मूळ अक्षराला उंची कमी उरते. ब्राउझरचं नेहमीचं माप १६ पिक्सेल असतं, मराठीसाठी १८ बरं. हे माप पिक्सेलमध्ये न लिहिता 'रेम'मध्ये लिहावं. रेम म्हणजे वाचकाने आपल्या ब्राउझरमध्ये ठरवलेल्या मूळ मापाच्या पटीत. १८ पिक्सेल म्हणजे १.१२५ रेम. ज्याने ब्राउझरमध्ये अक्षरं मोठी करून ठेवली आहेत, त्याच्या पसंतीचा त्यामुळे मान राहतो. आत्या स्वतः त्यांच्यापैकी एक आहे.

मथळ्यातली अक्षरं एकमेकांपासून लांब करायची एक हौस असते. रोमन लिपीत ते शोभतं. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द फटी पडलेल्या दातांसारखा दिसतो. ते माप शून्यच राहू द्या. अक्षरं तिरपी करून जोर देण्याची पद्धतही आपल्या लिपीची नव्हे. मथळा ठसठशीत हवा असेल तर अक्षर जाड करा किंवा मोठं करा.

मग शब्दांची लांबी. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. इंग्रजीत जिथे तीन-चार सुटे शब्द असतात, तिथे आपला एकच असतो: 'अभयारण्याजवळच्या', 'भरतीओहोटीप्रमाणे'. फोनवर मोठ्या मथळ्यात असा शब्द आला की तो स्क्रीनबाहेर जातो आणि अख्खं पान आडवं सरकायला लागतं. दोन गोष्टी कराव्यात. शब्द अगदीच मावत नसेल तर तोडायची परवानगी सीएसएसमध्ये द्यावी, आणि मथळ्याचं माप 'क्लॅम्प'ने बांधावं. क्लॅम्प म्हणजे किमान इतकं, कमाल इतकं आणि मधल्या मधे खिडकीच्या रुंदीप्रमाणे. आम्ही १.६ ते २.६ रेम ठेवलं. मधलं माप मात्र नुसत्या खिडकीच्या रुंदीवर सोडू नये, त्यात थोडा रेम मिसळावा. नाहीतर वाचकाने झूम केलं तरी मथळा त्या प्रमाणात वाढत नाही.

पानाच्या पहिल्याच खुणेत भाषा मराठी आहे हे लिहायला विसरू नका. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात, आणि ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत तो ही नोंद वाचूनच मराठी वळण निवडतो. डोळ्यांनी न बघता ऐकून वाचणाऱ्यांचं सॉफ्टवेअरही त्यावरूनच आवाज ठरवतं. फॉन्ट निवडताना वजन बघा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकार असतात, त्यामुळे फाइल मोठी होते. आम्ही मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांचा 'मुक्ता' घेतला, फक्त दोन जाडीत. फॉन्ट उतरेपर्यंत फोनमधल्याच अक्षरांत मजकूर दाखव, असंही सांगितलं, म्हणजे मंद नेटवर्कवर वाचक कोऱ्या पानाकडे बघत बसत नाही.

उरलेलं

आत्याच्या नोंदींचं कोष्टक सहा रकान्यांचं: तारीख, ठिकाण, भरतीची वेळ, मोठे फ्लेमिंगो, छोटे फ्लेमिंगो, शेरा. ते फोनवर कोंबायचा हट्ट आम्ही सोडला. कोष्टकाभोवती एक वेष्टण घातलं, त्यामुळे आडवं सरकतं ते फक्त कोष्टक, पान जागच्या जागी राहतं.

वेबसाइटच्या वरच्या बाजूला पाच दुवे आहेत. तीन रेघांच्या बटणामागे ते लपवायचं मी साफ नाकारलं. पाच शब्द दोन ओळींत सहज बसतात आणि दिसतात. बोटाने दाबायच्या जागा पुरेशा मोठ्या ठेवल्या. ॲपल ४४ आणि अँड्रॉइड ४८ एककांचं माप सुचवतं. जुन्या वेबसाइटवर फोटोची माहिती माउस वर नेला की दिसायची. बोट असं नुसतं वर धरता येत नाही, त्यामुळे फोनवर ती कुणाला कधीच दिसली नसेल. आता ती फोटोखाली कायम असते.

तपासताना लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून फोनच्या मापाची खिडकी उघडता येते. माझी नेहमीची कसोटी त्याहून साधी आहे: १२८० पिक्सेलच्या खिडकीत झूम ४०० टक्के करायचा. रुंदी ३२० पिक्सेलवर येते, आणि तरीही आडवं न सरकवता सगळं वाचता यायला हवं. २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत, म्हणजे अपंगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या निकषांत, हीच अट आहे. पण खऱ्या फोनला पर्याय नाही. राखाडी अक्षरं घरात नाजूक दिसतात आणि दुपारच्या उन्हात खाडीकाठी दिसतच नाहीत. आम्ही ती जवळजवळ काळी केली.

शेवटची चूक आत्यानेच पकडली. फोन आडवा धरून एकच मोठा फोटो उघडला की पक्ष्यांचे पाय कापले जायचे. फोटोची उंची मी 'खिडकीच्या उंचीइतकी' ठेवली होती. फोनचा ब्राउझर मात्र ती उंची वरची पत्त्याची पट्टी लपलेली आहे असं धरून मोजतो, म्हणून पट्टी दिसत असताना तितकाच भाग खाली दडतो. यासाठी 'एसव्हीएच' हे निराळं एकक आहे. ते पट्ट्या दिसत असतानाची, म्हणजे लहानातली लहान उंची धरतं. मी तेवढा एक शब्द बदलला आणि तिला कळवलं.

अर्ध्या तासाने खाडीवरून तिचा फोन आला. मागे वारा होता, नीट ऐकू येत नव्हतं. "दिसले रे पाय," ती म्हणाली, "चिखलासकट."